हेला नाई, गवा नाई

येरमेट्टा, आलापल्लीच्या पुढे
९ फेब्रुवारी २०२३

प्रिय मंजू,

फोन लागत नाई म्हणून पत्र लिहून राह्यली. आमच्या टेकडीवर टॉवर उभा झाला, पण त्यात अजून जीव नाई. हे पत्र सकाळच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देते, तो आलापल्लीच्या पोस्टात टाकंल.

माझ्या बाबाले जंगलवाल्यांनी धरून नेलं.

तू हॉस्टेलात असताना सुट्टीत आमच्या घरी आली होती. भितीवर कवड्यांची झालर लावलेली गव्याची शिंगं टांगली होती, तुले आठवत असंल. नाचाच्या दिवशी बाबा ती डोक्याले बांधतो. बाबाच्या आजीचं माहेर इंद्रावतीच्या पलीकडं. तिच्या भावानं ती आणली होती. बाबाचा जन्मबी झाला नव्हता तेव्हा.

जानेवारीत पर्यटन महोत्सव झाला. सरकारी गाडी गावात आली. "शिंगंवाले नाचणारे पायजेत," म्हणे. आमची माणसं गेली, दिवसभर उन्हात नाचली. रेंजच्या मोठ्या साहेबानं बाबाची शिंगं सोताच्या डोक्यावर घालून फोटो काढला. बाबाच्या पाठीवर थाप मारली. बाबाचा फोटो पेपरात आला.

मंग आठ दिवसांनी त्याच साहेबाची गाडी आली. मागच्या उन्हाळ्यात नदीकाठी एक रानम्हैस मरून पडली होती, मुंडकं कापून नेलेली. मारणारा सापडला नव्हता. साहेबानं भितीवरची शिंगं काढली अन् बाबाले विचारलं, "हे कोणत्या जनावराचे?"

बाबा म्हणाला, "रानहेला, साहेब."

बस. तेवढंच त्याले पायजे होतं. साहेब घाटावरचा. हेला म्हणजे रेडा, एवढं त्याले कोणीतरी सांगतलं होतं. मंग रानहेला म्हणजे रानरेडा, रानरेडा म्हणजे रानम्हशीचाच जातवाला, अन् मेलेली रानम्हैस बाबानंच मारली. झाला हिशोब! तुमच्या गोंडपिपरीकडं गव्यालेच रानहेला म्हणतात, हे तुले मी काय सांगू? बाबाचं मराठी सारं बाजारात शिकलेलं. मोहफुलं अन् चारोळी विकता विकता तुमच्याच लोकांनी त्याले तो शब्द देल्ला.

पेपरात आलं, 'दुर्मिळ रानम्हशीचा शिकारी गजाआड'. बाबाले चंद्रपूरच्या जेलात टाकलं हाये. खालच्या कोर्टानं जामीन देल्ला नाई. आई दारात बसून राह्यते.

तू वकील हायेस, तिथीच राह्यतेस. उद्याच जाऊन भेट त्याले. मी उपकेंद्रात एकटीच नर्स, दोन बायांचे दिवस भरत आले हायेत, मले निघता येत नाई.

तुझी
प्रिया


चंद्रपूर
१९ फेब्रुवारी २०२३

प्रिय प्रिया,

पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं.

वन्यजीव कायद्याच्या केसेस मी सहसा घेत नाही. माझ्याकडे जास्त करून जमिनीची आणि पोटगीची कामं असतात. काकांसाठी मोफत विधी सेवेतून वकील मिळू शकेल. अर्ज जेलमधूनच करता येतो. गडचिरोलीला अतुल नैताम नावाचे एक वकील आहेत, चांगले आहेत. त्यांचा नंबर सोबतच्या कागदावर लिहिला आहे.

सध्या घरीही थोडी अडचण आहे. जेलमध्ये जाणं मला लगेच जमेल असं वाटत नाही. तुझ्या आईला, बुधरीकाकूंना सांग, काळजी करू नका. कायदेशीर मार्गाने सगळं नीट होईल.

मंजुषा


येरमेट्टा
२७ फेब्रुवारी २०२३

ॲडव्होकेट मंजुषा धोटे यांस,

आपलं पत्र भेटलं. 'कायदेशीर मार्गाने सगळं नीट होईल' हे वाक्य मी आईले आमच्या माडिया बोलीत सांगाले पाह्यलं. जमलं नाई. ती म्हणाली, "पोलीसबी असंच बोलत होते."

काल गावात पुन्हा गाडी आली. सुरज म्हणून नवीन वनरक्षक हाये, तो घरोघरी फिरला. एका कागदावर अंगठे मागून राह्यला. "लालसू पुंगाटी शिकारीले जात होता एवढंच सांगा, तुमाले काई होणार नाई." माझा काका त्याले म्हणाला, "तू मागं गावातल्या बारशाले इथी येऊन गेला, लालसूनं तुले मोहाची भाकर खाऊ घातली, अन् आता तू आम्हाले अंगठा मागतेस?" सुरज खाली मान घालून उभा राह्यला. मंग म्हणाला, "मले वरून सांगतलं." सगळ्याले वरूनच सांगतात. वर कोण बसला हाये ते एकदा मले पाहू दे.

गावात अजून पाच-सहा घरी शिंगं होती. आता एकाबी भितीवर नाई. माणसांनी रातोरात रानात नेऊन लपवली. आपलीच वस्तू चोरासारखी लपवली, मंजू. गावातला सगळ्यात म्हातारा, मरमा आजोबा, रडला.

हॉस्टेलात त्या वॉर्डनबाईनं मले 'ए जंगली' म्हटलं होतं तेव्हा तू जेवणाचं ताट सरकवून उठली होती. ती मुलगी कुठी गेली? काळा कोट घातला का माणूस असा होते? तुले भेव वाटलं का, साहेबाच्या विरोधात उभं राह्यलं तर चंद्रपुरात नाव खराब होईल? तसं असंल तर तसं लिही. 'घरी अडचण' लिहू नको. आमच्या घरी काय सण चालला हाये?

नंबर भेटला. टॉवर सुरू झाला का लावीन.

प्रिया लालसू पुंगाटी


गोंडपिपरी
८ मार्च २०२३

प्रिया,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा नाही आला. आता जे लिहिते आहे ते आधीच लिहायला हवं होतं.

नोव्हेंबरात आमच्याकडे धान कापणी चालू होती. प्रफुल, माझा लहान भाऊ, सकाळी बांधावर गेला. धुकं होतं. रानातून गवा आलेला होता, एकटाच, धानात उभा. प्रफुलला दिसला तेव्हा दोघांमध्ये बैलगाडीएवढंही अंतर नव्हतं. गव्यानं त्याला उचलून फेकलं. मांडीपासून कमरेपर्यंत फाटलं होतं. नागपूरला तीन ऑपरेशनं झाली. जगला. पण डावा पाय वाळत चालला आहे. काठीशिवाय उभा राहत नाही.

मी तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू धावत आली असतीस, आणि तुला पाहून मला तुमच्या भिंतीवरची शिंगं आठवली असती. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ते घेऊन इथे घरी आले होते. बाबांनी विचारलं, कुणाचं पत्र? मी सांगितलं. ते म्हणाले, "ज्या जनावरानं पोराले फाडलं त्याचे शिंग डोक्यावर मिरवणाऱ्याची केस तू लढणार? तर मंग या घरी पाय ठेवू नको." मी चंद्रपूरला परतून तुला ते थंडगार पत्र लिहिलं. त्याची लाज वाटते.

तुझं रागाचं पत्र आलं आणि मी कुणाला न विचारता जेलमध्ये गेले. काका बारीक झालेत. मला ओळखलं. पहिलं वाक्य काय म्हणाले सांगू? "मंजूबाई, म्या मराठी बोललो म्हणून फसलो काय?"

मी विचारलं, साहेबापुढे नेमकं काय म्हणालात. ते म्हणाले, "रानहेला म्हणालो. माडियात बोललो असतो तर साहेबाले कळलं नसतं. त्याले समजावं म्हणून तुमच्यातला शब्द काढला."

प्रिया, बाहेर येऊन मी जेलच्या भिंतीला टेकून उभी राहिले. असा संताप मला आजवर कधी आला नव्हता. समोरच्याला कळावं म्हणून त्याच्या भाषेत बोललेल्या माणसाला त्याच शब्दाची बेडी? आणि तो शब्द आमचा! माझे बाबा, माझा भाऊ, मी, आम्ही सगळे आजही त्या जनावराला रानहेलाच म्हणतो. प्रफुल दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा त्याचा पहिला शब्द तोच होता.

मी केस घेतली आहे. वकीलपत्रावर काकांचा अंगठा झाला.

आमच्या गावी बापूजी वाकुडकर गुरुजी राहतात, संस्कृत शिकवायचे. त्यांच्याकडे जाऊन विचारलं की 'गवा' हा शब्द कुठून आला. ते म्हणाले, मूळ संस्कृत 'गवय', त्यात 'गो' म्हणजे गाय. गवा हा गाईच्या कुळातला, म्हशीच्या नव्हे. हिंदीवाले 'गौर' म्हणतात, आणि संस्कृतात गौर म्हणजे गोरा. एवढ्या काळ्या जनावराला गोरा का म्हणतात, हे त्यांनाही सांगता आलं नाही. मोजे घातल्यासारख्या पांढऱ्या पायांमुळे असेल, म्हणाले आणि हसले. न्यायशास्त्रात म्हणे हे जुनं उदाहरण आहे. शहरातल्या माणसानं गवय पाहिलेला नसतो. रानातला माणूस त्याला सांगतो, गाईसारखा असतो. मग तो रानात जातो, जनावर पाहतो आणि ओळखतो, हाच तो गवय.

म्हणजे आपला मुद्दा स्पष्ट आहे. शिंगं गव्याची, मेलेली रानम्हैस. दोन वेगळी जनावरं. जनावरांच्या डॉक्टरांचा अभिप्राय मागवते.

मला तुझा राग पुरेसा आहे, फक्त 'ॲडव्होकेट' म्हणू नकोस.

मंजू


येरमेट्टा
१७ मार्च २०२३

मंजू,

प्रफुलचं वाचून मी उपकेंद्राच्या मागं जाऊन बसली. मले तो आठवते, हॉस्टेलवर तुले डबा घेऊन येणारा, चिंचा खाणारा. तू मले सांगतलं नाई याचाबी राग आला, पण तो राग ठेवून देते, नंतर काढीन. त्याची जखम सुकली का? पाठीले झोपून झोपून फोड आले असतील तर मले लिही, काय लावाचं ते सांगते.

तुझ्या बाबाचा राग मले समजते. ते त्यायच्या जागी बरोबर हायेत.

आता तुझ्या गुरुजीच्या गोष्टीबद्दल. मी ती आईले सांगतली. आईनं विचारलं, "मंग त्या शहरातल्या माणसानं रानातल्याचं ऐकलं?" म्या म्हटलं, हो, ऐकलं. आई म्हणाली, "तो कोणत्या काळातला होता?"

सांग ना मंजू, कोणत्या काळातला होता? त्या गोष्टीत रानातला माणूस सांगते अन् शहरातला ऐकते. इथी माझ्या बाबानं सांगतलं अन् त्याले हातकडी लावली. अन् तुझ्या गुरुजीच्या गोष्टीतबी रानातल्या माणसाले 'गाईसारखा' असंच सांगा लागलं ना? काऊन? कारण शहरवाल्याजवळ गाय होती. तुमच्या गावात म्हशी, म्हणून तुम्ही हेला म्हटलं. ज्याच्या गोठ्यात जे बांधलं हाये, त्याचं नाव त्या जनावराले देल्लं.

आम्ही त्याले पेरमाव म्हणतो. पेर म्हणजे मोठा, माव म्हणजे सांबर. आमच्या म्हाताऱ्यांनी रानातच पाह्यलं, रानातल्याच जनावराशी जोडलं. गोठ्यात आणलं नाई. हे नाव आजवर मले कोणी विचारलं नाई. शाळेत नाई, नर्सिंगले नाई, तूबी नाई. बाबानं साहेबाले पेरमाव म्हटलं असतं तर साहेबानं काय लिहिलं असतं? 'आरोपी उडवाउडवीची उत्तरे देतो.'

सुरजच्या कागदावर एकाबी माणसानं अंगठा देल्ला नाई. मरमा आजोबानं तर अंगठ्याले चुलीतली राख लावली अन् म्हणाला, "हे घे, उमटव."

बाबाले सांग, आईनं त्याची कोंबडी विकली नाई.

प्रिया


गोंडपिपरी
४ एप्रिल २०२३

प्रिया,

तुला काका घरी पोचल्यावर सगळं कळलंच असेल, पण ते मोजकं बोलतात, म्हणून मी लिहिते.

गडचिरोलीच्या कोर्टात न्यायाधीश बाई होत्या. डॉक्टरांचा अभिप्राय आला होता. म्हशीचं शिंग चपटं, वळ्यावळ्यांचं, मागे झुकलेलं. हे गोलसर, बुडाशी पिवळट, टोकाशी काळं, वर वळलेलं. शिंगं गव्याची, आणि अतिशय जुनी. सरकारी वकील उठून म्हणाले, "बरं, गव्याची तर गव्याची. गवासुद्धा संरक्षित प्राण्यांच्या त्याच अनुसूचीत आहे. नाव काहीही असो, गुन्हा तोच."

मी म्हटलं, "नाव काहीही असो? या माणसाला दोन महिने आत ठेवलं ते फक्त एका नावावरून. तेव्हा नाव महत्त्वाचं होतं. आता चुकीचं निघालं तर नाव काहीही असो?"

मग मी पेपरात आलेला महोत्सवाचा फोटो पुढे केला. बाईंनी चष्मा लावून पाहिला. विचारलं, "हे शिंगं घातलेले गृहस्थ आरोपी आहेत का?"

"नाही," मी म्हटलं. "आरोपी बाजूला उभे आहेत. हे तपास अधिकारी आहेत."

कोर्टात कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. साहेब माझ्या मागेच बसले होते. बाहेर पडताना म्हणाले, "मॅडम, तुम्ही पर्सनल घेताय." मी म्हटलं, "हो, घेतेय." याहून चांगलं काही सुचलं नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो आहे.

जामीन झाला. कागद चंद्रपूरला पोचून काका सुटेपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. मी त्यांना आलापल्लीच्या एसटीत बसवायला घेऊन निघाले. गोंडपिपरीला गाडी बंद पडली. पुढची सकाळी. मी एक क्षण विचार केला आणि त्यांना घरी आणलं.

बाबा अंगणात बसले होते. मी सांगितलं, हे लालसूकाका, प्रियाचे बाबा. बाबा उठले आणि आत निघून गेले. काका अंगणातच, चप्पल काढायच्या जागी उकिडवे बसले. आई रडवेली झाली. प्रफुल काठी टेकत बाहेर आला आणि त्यानं पाण्याचा गडू त्यांच्यापुढे ठेवला.

काकांनी पाणी प्यायलं. त्याच्या पायाकडे पाहिलं. विचारलं, "एकटा होता?"

"एकटाच होता."

"म्हातारा?"

"धुक्यात काय दिसते, काका. मले तर भितच अंगावर आल्यासारखी वाटली."

काकांनी गडू खाली ठेवला. मग प्रफुलच म्हणाला, आणि इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदा ओरडला, "माझी काय चूक होती? मी माझ्या धानात गेलो होतो! त्याले दगड मारला नाई, कुत्रं सोडलं नाई. माझी काय चूक होती सांगा!"

"तुही नाई," काका म्हणाले. "त्याचीबी नाई." आणि जरा थांबून, "माही तरी कोणती होती, बाबू?"

आतून बाबांचा आवाज आला. "मंग त्याचे शिंग डोक्यावर काऊन घालता? आमच्या घरी त्याचं नाव घेतलं तर माही बायको थरथरते. तुमाले भेव नाई वाटत?"

"वाटते ना, भाऊ," काका म्हणाले. "भेव वाटते म्हणूनच घालतो. बिनभेवाच्या माणसाले शिंग काय शोभते?"

थोड्या वेळानं बाबा स्वतः ताट घेऊन बाहेर आले. वांग्याची भाजी आणि भात. ते ताट त्यांनी काकांच्या पुढे ठेवलं नाही, हातात दिलं. मग त्यांच्यासमोर बसून म्हणाले, "जेवा. पण त्या जनावराले माफ केलं असं समजू नका."

"नका करू," काका जेवता जेवता म्हणाले.

सकाळी बाबाच त्यांना स्टँडवर सोडून आले. परत आल्यावर मला इतकंच म्हणाले, "केस सोडू नको." रानम्हशीचं कलम अजून काढलेलं नाही. शिंगं त्यांच्याच ताब्यात आहेत. मी सोडणार नाही.

मंजू


चंद्रपूर
१४ मार्च २०२४

प्रिया,

तू काल कोर्टात येऊ शकली नाहीस. जुळी झाली ना त्या बाईला? दोन्ही ठीक असोत. काय घडलं ते कुणाकडून तरी अर्धवट कळण्याआधी मीच लिहिते.

वर्षभर तारखा पडल्या. कधी साहेबांची बदली, कधी कागद आले नाहीत, कधी कोर्टाला सुट्टी. दर तारखेला काका दोन गाड्या बदलून आले आणि दुसरी तारीख घेऊन गेले. काल शेवटी रानम्हैस मारल्याचा आरोप काढून टाकला. पुरावा नाही. दोन महिने जेल, वर्षभर हेलपाटे, आणि 'पुरावा नाही' हे दोन शब्द. कुणी माफी मागितली नाही. खरा मारणारा कोण, हे शोधायची कुणाला गरजही वाटत नाही.

उरला तो शिंगं बाळगल्याचा आरोप. मी काकांना आधी समजावून सांगितलं होतं. न्यायाधीश विचारतील, तुमच्याकडे गव्याची शिंगं होती, गुन्हा कबूल आहे का. तुम्ही म्हणा, कबूल नाही. बस.

आता नवे न्यायाधीश साहेब आहेत, त्यांनी आरोप वाचला. "तुमच्या घरात गवा या वन्यप्राण्याची शिंगं..." काका मध्येच म्हणाले, "गवा नाई, साहेब."

सगळे चमकले. सरकारी वकिलांनी खुर्ची पुढे ओढली. साहेबांनी विचारलं, "गवा नाही? मग? हेला?"

"हेला नाई, गवा नाई. पेरमाव."

"ते काय असतं?"

"तेच ते. तुमाले गवा, इकडच्या लोकायले हेला. माह्या घरी होतं ते पेरमाव. मागच्या बारीले म्या तुमचा शब्द बोललो तर जेल भेटलं. आता माहा शब्द लिहा. मंग विचारा."

मी मध्ये पडणार होते. पडले नाही. साहेब टंकलेखकाला म्हणाले, "लिहा. आरोपीच्या बोलीत, पेरमाव." त्यानं 'परमाळ' लिहिलं. मी जवळ जाऊन पाहिलं आणि अक्षर अक्षर सांगून दुरुस्त करून घेतलं. मग साहेबांनी आरोप पुन्हा वाचला, या वेळी त्या शब्दासकट.

"कबूल नाई," काका म्हणाले.

पुढची तारीख ऑगस्टमध्ये आहे. शिंगं परत मागायचा अर्ज फेटाळला. मी वरच्या कोर्टात जाणार आहे. मी वकिलीत इतकी वर्षं काय करत होते, असं काल घरी येताना वाटलं. ते असो.

मंजू


येरमेट्टा
१९ मे २०२४

प्रिय मंजू,

टॉवर सुरू झाला. पण हे फोनवर सांगता येत नाई म्हणून लिहून राह्यली.

परवा माझ्या काकाच्या पोरीचं लग्न झालं. चार गावची माणसं आली. त्याच्या आठ दिवस आधी रेंजचा नवीन साहेब आला होता, गोड बोलणारा. पावसाळ्यात वन महोत्सव हाये म्हणे, दिल्लीचे पाहुणे येणार, नाच पायजे. शिंगांची काळजी नको, नागपूरच्या डेकोरेशनवाल्याकडून फायबरची बनवून आणू. 'कायद्यात बसणारी' असा शब्द बोलला तो. ग्रामसभेनं त्याचं ऐकून घेतलं. मंग मरमा आजोबानं विचारलं, "पेरमावबी फायबरचेच सोडणार काय रानात?" साहेब हसला. बाकी कोणीच हसलं नाई. ठराव झाला, कोणत्याच सरकारी पाहुण्यासमोर आमचं गाव नाचणार नाई. साहेबानं ठरावाची नक्कल मागितली. आम्ही देल्ली नाई.

मंग लग्न आलं. रानात लपवलेली शिंगं आणाची का, यावर पोरायची भांडणं झाली. बाबा म्हणाला, "लपवून आणाची अन् लपवून नेवाची, तसं काऊन नाचाचं? राहू द्या." म्हणून यंदा आमच्या गावात पहिल्यांदा सगळी माणसं उघड्या डोक्यानं नाचली. फक्त पागोटं अन् कोंबड्याचे पिसं.

मी बाजूले उभी होती. तुले माहीत हाये, नोकरी लागल्यापासून मी नाचात जात नाई. पाहुणे म्हणतात, नर्सबाई हाये.

ढोल वाजला. बाबा रिंगणात शिरला. अन् मंजू, तो मान तशीच धरून नाचत होता. जशी जड शिंगं डोक्यावर असताना धराची असते, खांदे ताठ, हनुवटी आत, वळताना आधी मान अन् मंग अंग, शेजारच्याले टोक लागू नये म्हणून एक हात जागा सोडून. डोक्यावर काहीच नव्हतं. बाकीचे म्हातारेबी तसेच. मधल्या मोकळ्या जागा तशाच सोडून सगळं रिंगण फिरत होतं. लहान पोरं हसली. त्यायले काय माहीत.

माझ्या अंगाले आग लागली. आजवर मी रागावून फक्त पत्रं लिहिली. मी चपला काढल्या, मावशीच्या हातातली, बाया तालावर जमिनीवर आपटतात ती घुंगराची काठी घेतली अन् बायांच्या रांगेत घुसली. पाय विसरले असतील वाटलं होतं, पण विसरले नव्हते. ती काठी मी जमिनीवर अशी आपटली, अशी आपटली का ती उभी चिरली. बायांनी गाणं थांबवलं नाई. आईनं तिच्या हातातली मले देल्ली.

तुझी
प्रिया